अ‍ॅन्सिबलच्या डीफॉल्ट वॉर्निंग्ज : काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं आणि कशाचा एरर करायचा

करवंद

अ‍ॅन्सिबलने (एका मशीनवरून अनेक सर्व्हर सांभाळणारं साधन) सांभाळलेले साधारण चाळीस सर्व्हर, एकच प्रोजेक्ट फोल्डर, प्लेबुक (करायच्या कामांची फाईल) कधी हाताने तर कधी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालतं. प्रत्येक रनच्या सुरुवातीला वॉर्निंग्जचा मोठा ढीग येतो. त्यात मुख्यतः हे प्रकार आहेत:

- अमुक फीचर पुढच्या आवृत्तीतून काढलं जाणार आहे (डेप्रिकेशन)
- होस्टवर (सांभाळायच्या सर्व्हरवर) सापडलेला पायथन इंटरप्रिटर वापरतोय, पुढे दुसरा पायथन इन्स्टॉल झाला तर हा पाथ बदलू शकतो
- ग्रुपच्या नावात चालत नाहीत अशी अक्षरं आहेत
- होस्टची यादी रिकामी आहे, फक्त लोकलहोस्ट उपलब्ध आहे

प्रोजेक्टच्या अ‍ॅन्सिबल.सीएफजीमध्ये 'डेप्रिकेशन_वॉर्निंग्ज = फॉल्स' आहे. हाताने रन केल्यावर ते सेटिंग मान्य होतं, क्रॉनमधून मात्र होत नाही. दोन गोष्टी हव्या आहेत. एक, सेटिंग नक्की कुठून उचललं जातं ते. दोन, यातल्या कोणत्या वॉर्निंग्ज डोळे झाकून बंद करता येतात आणि कोणत्या नाहीत.

सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहितोय. फाईलमध्ये ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोअर अशी जातात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असेल तर सगळी मोठी अक्षरं.

खिळा

आधी क्रॉनचं. अ‍ॅन्सिबल कॉन्फिग फाईल चार ठिकाणी शोधतं, याच क्रमाने:

१. 'अ‍ॅन्सिबल_कॉन्फिग' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेला पाथ
२. चालू फोल्डरमधली अ‍ॅन्सिबल.सीएफजी
३. होम फोल्डरमधली, नावाआधी टिंब असलेली अ‍ॅन्सिबल.सीएफजी
४. /ईटीसी/अ‍ॅन्सिबल/ मधली अ‍ॅन्सिबल.सीएफजी

जी पहिली सापडेल तीच वाचली जाते आणि बाकीच्यांकडे बघितलंही जात नाही. चारही फाईलींची बेरीज होते असा पुष्कळांचा समज असतो, तसं होत नाही. प्रोजेक्टच्या फाईलमध्ये दोनच ओळी असतील तर /ईटीसी मधल्या वीस ओळी त्या रनपुरत्या अस्तित्वातच नाहीत.

क्रॉन जॉब होम फोल्डरमधून सुरू होतो. म्हणून दुसरी पायरी चुकते आणि प्रोजेक्टमधली फाईल वाचलीच जात नाही. क्रॉनच्या ओळीत आधी 'सीडी' करून प्रोजेक्ट फोल्डरमध्ये जा आणि '&&' देऊन पुढे प्लेबुक चालवा, किंवा क्रॉनटॅबच्या वर 'अ‍ॅन्सिबल_कॉन्फिग' पूर्ण पाथसकट लिहा. दुसरा उपाय जास्त पक्का, कारण उद्या कुणी स्क्रिप्ट दुसरीकडून बोलावली तरी तीच फाईल वाचली जाते.

खात्री करायची तर 'अ‍ॅन्सिबल --व्हर्जन' चालवा. आउटपुटमध्ये आवृत्तीच्या खालीच 'कॉन्फिग फाईल =' अशी ओळ असते. हाच कमांड क्रॉनमधून एकदा चालवून आउटपुट फाईलमध्ये घ्या, म्हणजे क्रॉनला काय दिसतंय ते कळेल.

अजून एक अडचण बऱ्याच जणांना येते. प्रोजेक्ट फोल्डर कुणालाही लिहिता येईल अशा परवानग्यांचा असेल (७७७ वगैरे), तर तिथली अ‍ॅन्सिबल.सीएफजी सुरक्षेसाठी मुद्दाम दुर्लक्षित केली जाते. तशी वॉर्निंग येते, पण बाकीच्या ढिगात ती हरवते. शेअर केलेला फोल्डर व्हर्च्युअल मशीनमध्ये माउंट केला की हमखास हे घडतं. तिथेही 'अ‍ॅन्सिबल_कॉन्फिग' मध्ये स्पष्ट पाथ देणं हाच मार्ग.

पाणचक्की

खिळा यांच्या उत्तराला जोडून. फाईल वाचली जाते म्हणजे सेटिंग लागू झालं असं नाही. 'अ‍ॅन्सिबल-कॉन्फिग डम्प --ओन्ली-चेंज्ड' चालवा. डीफॉल्टपेक्षा वेगळी असलेली सेटिंग्जच दिसतात आणि प्रत्येकासमोर ती कुठून आली तेही दिसतं, म्हणजे कोणत्या फाईलमधून की एन्व्हायर्नमेंटमधून. एकाच नावाची किंमत दोन्हीकडे असेल तर एन्व्हायर्नमेंटची किंमत फाईलवर मात करते.

हे बघणं गरजेचं का, तर फाईलमध्ये नावाचं स्पेलिंग चुकलं तर रन करताना काहीही तक्रार होत नाही. 'डेप्रिकेशन_वॉर्निंग' असं एकवचनी लिहिलं की ती ओळ असून नसल्यासारखी. सेक्शन चुकला तरी तेच. 'डीफॉल्ट्स' खाली जायचं सेटिंग 'इन्व्हेंटरी' सेक्शनखाली पडलं की गेलं.

आणि कॉमेंटचं. ओळीच्या सुरुवातीला '#' आणि ';' दोन्ही चालतात. पण किंमत लिहून त्याच ओळीत पुढे कॉमेंट लिहायची असेल तर फक्त ';' चालतो. '#' लिहिलात तर पुढचा सगळा मजकूर किमतीचाच भाग होतो. 'ट्रू # सीआयसाठी हवं' अशी किंमत तयार होते, ती ट्रू म्हणून ओळखता येत नाही आणि होय-नाही प्रकारच्या सेटिंगमध्ये न ओळखलेली किंमत फॉल्स धरली जाते. म्हणजे ट्रू लिहून फॉल्स मिळतं आणि कुठे काही बोभाटा होत नाही. सेटिंग डम्पमध्ये दिसलं की लगेच कळतं.

कोऱ्या फाईलपासून सुरुवात करायची असेल तर 'अ‍ॅन्सिबल-कॉन्फिग इनिट --डिसेबल्ड' चा आउटपुट फाईलमध्ये वळवा. सगळी सेटिंग्ज वर्णनासकट, पण कॉमेंट केलेली मिळतात. हवी ती ओळ उघडी करायची. स्पेलिंग आणि सेक्शन दोन्ही प्रश्न मिटतात.

उत्तररात्र

आता दुसरा प्रश्न. वॉर्निंग हा एकच प्रकार नाही आणि सगळ्यांना मिळून एक बटण नाही, हे आधी लक्षात घ्या. प्रत्येक गटाचं वेगळं सेटिंग आहे.

डेप्रिकेशन_वॉर्निंग्ज (डीफॉल्ट ट्रू). मजकुरात ते फीचर कोणत्या आवृत्तीत जाणार ते सहसा लिहिलेलं असतं. अपग्रेडच्या कामाची यादी तीच. फॉल्स केल्याने आज काही बिघडत नाही, पण अपग्रेडच्या दिवशी तेच प्लेबुक थेट मोडतं. फाईलमध्ये हे कायमचं बंद करू नये असं माझं ठाम मत आहे. का ते खाली वेगळं लिहितो.

सिस्टिम_वॉर्निंग्ज (डीफॉल्ट ट्रू). ज्या मशीनवरून अ‍ॅन्सिबल चालतं त्या मशीनच्या अडचणींबद्दल. मॅनेज केलेल्या सर्व्हरशी याचा संबंध नाही. 'सिस्टिम' शब्द बघून सर्व्हरच्या वॉर्निंग्ज बंद होतील म्हणून लोक हे फॉल्स करतात, त्याने ते होत नाही.

अ‍ॅक्शन_वॉर्निंग्ज (डीफॉल्ट ट्रू, २.५ पासून). टास्क चालवताना मॉड्यूलने (टास्कचं प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोडने) परत पाठवलेल्या वॉर्निंग्ज. मॉड्यूल लिहिणाऱ्याने तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलेला निरोप असतो तो. बंद करू नका.

लोकलहोस्ट_वॉर्निंग (डीफॉल्ट ट्रू, २.६ पासून). 'होस्टची यादी रिकामी आहे, फक्त लोकलहोस्ट' ही वॉर्निंग. याच्याच जोडीला 'कोणतीही इन्व्हेंटरी (होस्ट आणि ग्रुपची यादी) वाचता आली नाही' अशी वेगळी वॉर्निंग असते, तिचं सेटिंग इन्व्हेंटरी_अनपार्स्ड_वॉर्निंग. दोन्ही सारख्या दिसतात म्हणून एक बंद केल्यावर दुसरी राहते आणि सेटिंग लागत नाही असं वाटतं.

इंटरप्रिटर_पायथन. पायथनच्या पाथची वॉर्निंग यातून नियंत्रित होते. डीफॉल्ट 'ऑटो'. 'ऑटो_सायलेंट' केलं की शोध तोच, वॉर्निंग नाही. बंद करायला सगळ्यात निर्धोक हीच, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे इन्व्हेंटरीत ग्रुपच्या पातळीवर 'अ‍ॅन्सिबल_पायथन_इंटरप्रिटर' मध्ये पूर्ण पाथ देणं. वॉर्निंग खरं तेच सांगतेय. उद्या सर्व्हरवर नवीन पायथन आला की शोध तिकडे वळेल आणि डेटाबेसच्या मॉड्यूलला लागणारी लायब्ररी जुन्याच पायथनमध्ये राहिलेली असेल. पाथ पक्का केला की वॉर्निंग आणि तो धोका दोन्ही जातात.

फोर्स_व्हॅलिड_ग्रुप_नेम्स. चार किमती आहेत. 'नेव्हर' हा डीफॉल्ट: नाव तसंच ठेवतो, वॉर्निंग देतो. 'इग्नोर': नाव तसंच, वॉर्निंग नाही. 'ऑलवेज': चुकीच्या अक्षराजागी अंडरस्कोअर घालतो, वॉर्निंग देतो. 'सायलेंटली': बदल तोच, वॉर्निंग नाही.

यातली 'सायलेंटली' टाळा. ग्रुपचं नाव 'वेब-सर्व्हर्स' असेल तर ते गुपचूप 'वेब_सर्व्हर्स' होतं. मग प्लेबुकमधल्या 'होस्ट्स' ओळीतलं जुनं नाव कशालाच जुळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे 'ग्रुप_व्हार्स' (ग्रुपची व्हेरिएबल्स ठेवायचा फोल्डर) मधली 'वेब-सर्व्हर्स' नावाची फाईल वाचली जात नाही. व्हेरिएबल्स डीफॉल्टवर जातात, प्ले (प्लेबुकचा एक भाग) हिरवं दिसतं आणि सर्व्हरवर चुकीची कॉन्फिगरेशन जाते.

निवडुंग

एक शंका. ग्रुपच्या नावातला हायफन इतका का खुपतो? माझ्याकडे अशा नावांची प्लेबुक्स व्यवस्थित चालतात.

उत्तररात्र

ग्रुपची नावं जिंजा (व्हेरिएबलच्या जागी किंमत भरणारी भाषा) टेम्प्लेटमध्ये टिंब देऊन वापरता येतात. 'ग्रुप्स.वेब-सर्व्हर्स' लिहिलं की जिंजा ते 'ग्रुप्स.वेब वजा सर्व्हर्स' असं वाचतो. चौकटी कंसात अवतरणचिन्हांत नाव दिलं तर चालतं, म्हणून तुमची प्लेबुक्स चालत असणार. नियम असा की नाव पायथनच्या व्हेरिएबलला चालेल असं हवं: अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर, आणि सुरुवात आकड्याने नको. नेमकी कोणती नावं अडकलीत ते साध्या रनमध्ये सांगत नाही, '-व्हीव्हीव्हीव्ही' दिलं की यादी येते.

नाव बदलायचं तर चारही जागा एकाच कमिटमध्ये बदला: इन्व्हेंटरी, प्लेबुकमधल्या 'होस्ट्स' ओळी, ग्रुप_व्हार्सची फाईल किंवा फोल्डर, आणि टेम्प्लेट्स व रोल्समधले 'ग्रुप्स' चे उल्लेख. क्रॉन किंवा सीआयच्या (कोड बदलला की आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या) कमांडमध्ये '--लिमिट' ला जुनं नाव दिलेलं असतं, तेही बघा, ते प्रोजेक्टमध्ये शोधून सापडत नाही.

खिळा

आता धाग्याच्या शीर्षकातला तिसरा भाग, म्हणजे कशाचा एरर करायचा. माझ्या मते बंद करण्यापेक्षा याला जास्त महत्त्व आहे. काही वॉर्निंग्ज डीफॉल्टने फार मवाळ आहेत.

पहिली, होस्ट_पॅटर्न_मिसमॅच, 'इन्व्हेंटरी' सेक्शनमध्ये, २.८ पासून. डीफॉल्ट 'वॉर्निंग'. प्लेबुकमध्ये ग्रुपचं नाव चुकलं तर 'दिलेला पॅटर्न जुळला नाही, दुर्लक्ष करतोय' एवढं म्हणून ते प्ले सोडून दिलं जातं आणि एक्झिट कोड शून्य. क्रॉनच्या दृष्टीने सगळं यशस्वी. पॅच एकाही सर्व्हरवर गेलेला नसतो. 'एरर' करा.

दुसरी, डुप्लिकेट_डिक्ट_की, 'डीफॉल्ट्स' मध्ये, डीफॉल्ट 'वॉर्न'. एकाच टास्कमध्ये 'व्हेन' दोनदा लिहिलं गेलं तर शेवटचं धरलं जातं, पहिलं गळून पडतं. कॉपी-पेस्ट करताना आणि मर्ज करताना हे सर्रास होतं. 'फक्त प्रॉडक्शन नसेल तर' ही अट गळाली तर काय होईल याचा विचार करा. 'एरर' करा, रनच्या आधीच थांबेल.

तिसरी, अनपार्स्ड_इज_फेल्ड आणि एनी_अनपार्स्ड_इज_फेल्ड, दोन्ही 'इन्व्हेंटरी' सेक्शनमध्ये, दोन्हींचा डीफॉल्ट फॉल्स. पहिलं ट्रू केलं तर एकही इन्व्हेंटरी वाचता आली नाही की रन थांबतो. दुसरं जास्त कडक आहे: दिलेल्यापैकी एक जरी वाचता आली नाही तरी थांबतो. क्लाउडमधून इन्व्हेंटरी ओढणारा प्लगइन आणि सोबत एक हाताने लिहिलेली फाईल असं असेल तर दुसरं हवंच. क्लाउडचं टोकन संपलं की अर्धे सर्व्हर यादीतून गायब होतात आणि रन उरलेल्यांवर बिनबोभाट पूर्ण होतो.

करवंद, तुमच्याकडे येणारी 'होस्टची यादी रिकामी' ही वॉर्निंग क्रॉनमध्येही येत असेल तर ती बंद करण्याआधी हे तपासा. कॉन्फिग फाईल वाचली जात नव्हती म्हणजे तिच्यातला इन्व्हेंटरीचा पाथही वाचला जात नसणार.

करवंद

बरोबर, कारण तेच निघालं. 'अ‍ॅन्सिबल_कॉन्फिग' क्रॉनटॅबमध्ये दिल्यावर ती वॉर्निंग क्रॉनमधून गेली. काही प्लेबुक्स मात्र खरोखरच फक्त लोकलहोस्टसाठी आहेत, उदाहरणार्थ एपीआयला विचारून रिपोर्ट बनवणारी. तिथे काय करावं?

होस्ट_पॅटर्न_मिसमॅच 'एरर' केल्यावर एक अडचण आली. एकच साईट प्लेबुक तीन वातावरणांसाठी चालतं आणि टेस्टच्या इन्व्हेंटरीत 'मॉनिटरिंग' ग्रुपच नाही. तिथे रन थांबतो.

पाणचक्की

दुसऱ्याचं सोपं आहे. टेस्टच्या इन्व्हेंटरीत 'मॉनिटरिंग' हा ग्रुप रिकामा लिहून ठेवा, खाली एकही होस्ट नको. ग्रुप अस्तित्वात असला की पॅटर्न जुळला असं धरलं जातं, प्ले 'होस्ट जुळले नाहीत' म्हणून शांतपणे वगळलं जातं. आणि इन्व्हेंटरी वाचणाऱ्यालाही कळतं की इथे मॉनिटरिंग मुद्दाम नाही.

लोकलहोस्टसाठी '-आय लोकलहोस्ट,' द्या. शेवटचा स्वल्पविराम महत्त्वाचा: त्यामुळे ते फाईलचं नाव न समजता होस्टची यादी समजली जाते. पण एक फरक लक्षात ठेवा. इन्व्हेंटरी नसताना अ‍ॅन्सिबल जो लोकलहोस्ट स्वतःहून बनवतं, त्याचं कनेक्शन लोकल असतं आणि पायथन तोच, ज्यावर अ‍ॅन्सिबल चालू आहे. तुम्ही नाव देऊन लोकलहोस्ट सांगितला की या दोन्ही सवलती जातात. तो एसएसएचने स्वतःलाच जोडायला बघतो, आणि पायथन सिस्टिमचा उचलतो. अ‍ॅन्सिबल व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल तर तिथल्या लायब्ररी सापडत नाहीत, 'मॉड्यूल सापडलं नाही' असा एरर येतो. म्हणून प्लेमध्ये 'कनेक्शन: लोकल' लिहा आणि 'अ‍ॅन्सिबल_पायथन_इंटरप्रिटर' ला 'अ‍ॅन्सिबल_प्लेबुक_पायथन' या व्हेरिएबलची किंमत द्या.

नाहीतर त्या ठरावीक क्रॉन ओळीपुढे लोकलहोस्ट_वॉर्निंगचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फॉल्स करा. त्या एका जॉबपुरतं बंद राहील, बाकीकडे चालू.

निवडुंग

डेप्रिकेशनबद्दल मी थोडा वेगळा विचार मांडतो. रात्रीच्या जॉबचे मेल जातात, त्यात रोज त्याच पंधरा ओळी. महिन्याभरात कुणी मेल उघडत नाही, आणि मग खरी त्रुटीही वाचली जात नाही. प्रॉडक्शनच्या रनमध्ये त्या बंद असाव्यात.

आणि स्टँडर्ड एरर सरळ फेकून दिला तर? वॉर्निंग्ज तिकडेच जातात ना?

उत्तररात्र

मेलबद्दल पूर्ण सहमत. माझा विरोध फक्त फाईलमध्ये कायमचं बंद करण्याला आहे. फाईल सगळ्यांसाठी असते, डेव्हलपरच्या मशीनवरही तीच. फाईलमध्ये ट्रू ठेवा, रात्रीच्या जॉबच्या ओळीत 'अ‍ॅन्सिबल_डेप्रिकेशन_वॉर्निंग्ज=फॉल्स' लावा. एन्व्हायर्नमेंट वरचढ असल्यामुळे तेवढ्यापुरतं बंद होतं.

स्टँडर्ड एरर फेकण्याबद्दल: होय, वॉर्निंग्ज तिकडेच जातात. पण प्लेबुक वाचता आलं नाही, व्हॉल्टचा (एन्क्रिप्ट केलेल्या गुप्त फाईलींचा) पासवर्ड मिळाला नाही, असे जीवघेणे एररही तिकडेच जातात. टास्क फेल झाल्याचा मजकूर मात्र डीफॉल्टने स्टँडर्ड आउटपुटवर येतो. म्हणजे फेकून दिलात तर टास्कचं अपयश दिसेल, पण रन सुरूच का झाला नाही हे दिसणार नाही. फेकू नका, वेगळ्या फाईलमध्ये वळवा.

ती फाईल तपासताना दोन गोष्टी सांभाळा. अ‍ॅन्सिबल कोअर २.१९ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये टर्मिनल नसताना वॉर्निंगचा मजकूर सुमारे ७९ अक्षरांवर मोडून पुढच्या ओळीत जातो. त्यामुळे लांब वाक्य ग्रेपने शोधलं तर सापडत नाही, फक्त 'डेप्रिकेशन वॉर्निंग' हे सुरुवातीचं लेबल शोधा. दुसरं, एका रनमध्ये तोच मजकूर एकदाच छापला जातो. तीच चूक वीस ठिकाणी असली तरी वॉर्निंग एकच येऊ शकते. म्हणून वॉर्निंग्ज मोजून 'आता फक्त तीनच राहिल्या' असा हिशेब करू नका. प्रत्येक मजकुरामागे प्रोजेक्टमध्ये शोध घेऊन सगळी ठिकाणं काढावी लागतात.

खिळा

डेप्रिकेशन बंद ठेवण्याचं काय होतं याचं उत्तम उदाहरण अ‍ॅन्सिबलमध्येच आहे. कमांड आणि शेल मॉड्यूल पूर्वी सांगायची की 'इथे शेलमधून पॅकेज इन्स्टॉल करताय, त्याऐवजी पॅकेजचं मॉड्यूल वापरा'. ते गप्प करायला टास्कमध्ये 'वॉर्न: फॉल्स' लिहायचा प्रघात होता आणि नेटवर हजारो ठिकाणी हाच सल्ला आहे. कोअर २.१४ मध्ये हा पॅरामीटर काढून टाकला. आता वॉर्निंग गप्प करायला लिहिलेली ती ओळच 'असमर्थित पॅरामीटर' म्हणून टास्क पाडते. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये डेप्रिकेशनचा निरोप येत होता, ज्यांनी तो बंद ठेवला त्यांना तो मिळाला नाही.

जुना रोल घेतलात तर आधी त्यात 'वॉर्न:' शोधा आणि ओळी काढून टाका. दुसरं काही बदलावं लागत नाही.

करवंद

'व्हेन' मध्ये दुहेरी महिरपी कंस वापरू नका अशी एक वॉर्निंग येते, तिला कोणतं सेटिंग आहे? शिवाय एका ठिकाणी ग्रुप आणि होस्टचं नाव एकच असल्याची.

पाणचक्की

या दोन्ही दाबायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या. 'व्हेन' चा मजकूर आधीच जिंजा म्हणून वाचला जातो, म्हणून कंस काढले की झालं. अख्खी अट अवतरणचिन्हात असेल तर आतली-बाहेरची चिन्हं जुळतायत ना ते बघा. ग्रुप आणि होस्टचं नाव एकच असेल तर ग्रुपचं नाव अनेकवचनी करा, कारण 'होस्ट्स: डीबी' म्हटल्यावर तुम्हाला एक मशीन हवं आहे की सगळा ग्रुप हे वाचणाऱ्यालाही कळत नाही.

अटींचा विषय निघालाच आहे तर कोअर २.१९ आणि पुढे जाताना ही गोष्ट सगळ्यात जास्त त्रास देते: अटीचं उत्तर ट्रू किंवा फॉल्सच हवं. 'व्हेन: पॅकेज_लिस्ट' असं नुसतं यादीचं नाव लिहून 'यादी रिकामी नसेल तर' हा अर्थ घेणं आता एरर आहे. 'पॅकेज_लिस्ट | लेंथ > ०' लिहा. मजकूर असलेल्या व्हेरिएबलला जिथे होय-नाही म्हणून वापरलंय तिथे '| बूल' लावा. तात्पुरतं 'अलाऊ_ब्रोकन_कंडिशनल्स' ट्रू करता येतं, मग एररऐवजी डेप्रिकेशन वॉर्निंग येते. हे सेटिंग ट्रू असताना डेप्रिकेशन_वॉर्निंग्ज फॉल्स असतील तर दुरुस्तीची यादीच हरवते. दोन्ही एकत्र कधीच ठेवू नका.

निवडुंग

काही वॉर्निंग्ज यातल्या कोणत्याच सेटिंगने जात नाहीत. क्रिप्टोग्राफीबद्दल काहीतरी पायथनच्या फाईलच्या पाथसकट येतं.

उत्तररात्र

ज्या ओळीत पायथन फाईलचा पाथ आणि ओळ क्रमांक आहे ती अ‍ॅन्सिबलची नाही, पायथनच्या वॉर्निंग यंत्रणेतून येते. तिच्यावर अ‍ॅन्सिबल.सीएफजीचा काही परिणाम नाही. 'पायथनवॉर्निंग्ज' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागतं. पण तिथे नेहमीची 'इग्नोर::डेप्रिकेशनवॉर्निंग' ही किंमत क्रिप्टोग्राफीच्या वॉर्निंगला लागू होत नाही. कारण नावात डेप्रिकेशन असलं तरी ती 'यूजरवॉर्निंग' या वर्गातून आलेली आहे. 'इग्नोर::यूजरवॉर्निंग' ने जाते, पण त्याबरोबर इतर लायब्ररींच्या कामाच्या सूचनाही जातात. ही वॉर्निंग बहुतेक वेळा जुन्या पॅरामिको लायब्ररीमुळे असते, ती अपडेट करणं सरळ.

तसंच 'नोन होस्ट्सच्या यादीत कायमची भर घातली' ही एसएसएचची स्वतःची सूचना. त्यासाठी एसएसएचच्या कॉन्फिग फाईलमध्ये 'लॉगलेव्हल एरर' लिहा. अ‍ॅन्सिबलच्या 'एसएसएच_आर्ग्ज' मध्ये लिहिलंत तर तिथला डीफॉल्ट पुसला जातो, आणि त्या डीफॉल्टमध्ये कनेक्शन ६० सेकंद उघडं ठेवण्याची सोय असते. वॉर्निंग जाते आणि रन मंदावतो, आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

याच ओघात सांगतो: 'होस्ट_की_चेकिंग = फॉल्स' ला वॉर्निंग घालवण्याचा उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी सुचवलं जातं. ते वॉर्निंगचं सेटिंग नाही, ती सुरक्षेची तपासणी आहे. चाळीस सर्व्हरच्या होस्ट कीज एकदा नोन होस्ट्समध्ये भरून घ्या आणि ते ट्रूच ठेवा.

खिळा

सीआयसाठी अ‍ॅन्सिबल-लिंट (प्लेबुक न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं साधन) लावा, कारण सगळ्या डेप्रिकेशन वॉर्निंग्जचा एरर करायला अ‍ॅन्सिबलमध्ये होय-नाही पलीकडे बटण नाही. कमांडऐवजी मॉड्यूल वापरा ही गेलेली सूचनाही आता लिंटच देतं, 'कमांड-इन्स्टेड-ऑफ-मॉड्यूल' या नियमाने.

लिंटच्या कॉन्फिगमध्ये दोन याद्या असतात आणि त्यात गल्लत होते. 'स्किप_लिस्ट' मधला नियम दिसतच नाही. 'वॉर्न_लिस्ट' मधला दिसतो, पण त्याने बिल्ड पडत नाही. जुन्या प्रोजेक्टमध्ये शेकडो तक्रारी आल्यावर लोक सगळं स्किपमध्ये टाकतात, मग नवीन कोडमधलीही तीच चूक दिसत नाही. त्याऐवजी एकदा '--जनरेट-इग्नोर' चालवा. आज असलेल्या तक्रारींची फाईल आणि नियम अशी जोड्यांची यादी बनते. नवी फाईल किंवा जुन्या फाईलमध्ये नव्या नियमाचा भंग झाला की बिल्ड पडतं, जुनं तेवढं वॉर्निंग म्हणून राहतं. यादी कमिट करा आणि हळूहळू ओळी कमी करत जा.

एखाद्याच ओळीला सूट हवी असेल तर त्या ओळीच्या शेवटी 'नोक्यूए' आणि नियमाचं नाव. नुसतं 'नोक्यूए' लिहू नका, नियमाचं नाव द्याच.

प्रोफाईल सहा आहेत, मिन, बेसिक, मॉडरेट, सेफ्टी, शेअर्ड, प्रॉडक्शन, कडकपणाच्या चढत्या क्रमाने. जुन्या प्रोजेक्टला 'बेसिक' पासून सुरुवात करा. '--स्ट्रिक्ट' दिलं तर वॉर्निंग असली तरी बिल्ड पडतं, ते सगळ्यात शेवटी.

करवंद

सध्या अशी फाईल बनवली आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

'डीफॉल्ट्स' सेक्शन:
डेप्रिकेशन_वॉर्निंग्ज = ट्रू
डुप्लिकेट_डिक्ट_की = एरर
फोर्स_व्हॅलिड_ग्रुप_नेम्स = नेव्हर

'इन्व्हेंटरी' सेक्शन:
होस्ट_पॅटर्न_मिसमॅच = एरर
एनी_अनपार्स्ड_इज_फेल्ड = ट्रू

इंटरप्रिटरचा पाथ ग्रुप_व्हार्समध्ये दिला. रात्रीच्या जॉबला डेप्रिकेशन एन्व्हायर्नमेंटमधून बंद. हेच प्रोजेक्ट पुढे एडब्ल्यूएक्समधून (अ‍ॅन्सिबलचे जॉब वेब पानावरून चालवण्याचं साधन) चालवायचं आहे, तिथे ही फाईल चालेल ना?

पाणचक्की

पहिली आणि तिसरी ओळ डीफॉल्टच आहे, तरी राहू द्या, मुद्दाम ठेवलंय हे पुढच्या माणसाला कळेल. कारण त्याच ओळीत लिहायचं तर ';' ने.

एडब्ल्यूएक्समध्ये प्रोजेक्टच्या मुळाशी असलेली अ‍ॅन्सिबल.सीएफजी वाचली जाते. उपफोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे क्रॉनटॅब नाही, म्हणून डेप्रिकेशन बंद करण्याचं व्हेरिएबल जॉब सेटिंग्जमधल्या जादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या चौकटीत द्यावं लागतं, आणि ते सगळ्या जॉबना लागू होतं, फक्त रात्रीच्या नाही. तुमचा सीआय वेगळा चालत असेल तर हरकत नाही. डेव्हलपरही एडब्ल्यूएक्समधूनच टेस्ट करत असतील तर तिथे बंद करू नका, मेलमध्ये गाळा.

आणि एडब्ल्यूएक्समध्ये जॉब कंटेनर इमेजमध्ये चालतो. तिथलं अ‍ॅन्सिबल कोअर तुमच्या मशीनवरच्यापेक्षा वेगळ्या आवृत्तीचं असू शकतं, त्यामुळे वॉर्निंग्जही वेगळ्या येतील. त्या इमेजमध्येच 'अ‍ॅन्सिबल --व्हर्जन' आणि 'अ‍ॅन्सिबल-कॉन्फिग डम्प --ओन्ली-चेंज्ड' चालवून बघा. कलेक्शनचा (मॉड्यूल्सच्या संचाचा) आवृत्तीशी मेळ बसत नाही अशी वॉर्निंग तिथे आली तर इमेज बनवतानाच कलेक्शनच्या आवृत्त्या पक्क्या करा. 'कलेक्शन्स_ऑन_अ‍ॅन्सिबल_व्हर्जन_मिसमॅच' हे सेटिंग 'इग्नोर' करू नका, इमेजच्या बिल्ड टेस्टमध्ये 'एरर' ठेवा.